पोटभर जेवायचा मधुमेह



मधुमेहावर बोलायला डॉक्टर उभा राहिला की पुढचा तासभर काय ऐकावं लागणार, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. वजन उतरवा, गोड सोडा, तेल-तूप आवरा, रोज चाला. बहुतेक मधुमेहींसाठी हा सल्ला बरोबरच आहे. पण आज मला बोलायचंय ते अशा माणसांबद्दल, जी हा सल्ला जितक्या प्रामाणिकपणे पाळतील तितकी वाळत जातात. त्यांचं स्वादुपिंड आधी सुजलेलं असतं. कुणाचं एकदाच पण जबरदस्त, कुणाचं वर्षानुवर्षं थोडं थोडं. त्यानंतर त्यांना मधुमेह होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत याला ‘टाइप ३सी’ म्हणतात. दवाखान्यात मात्र ही माणसं टाइप २ च्याच रांगेत बसलेली असतात, हातात तोच छापील आहारतक्ता घेऊन.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवताना प्रयोगापासून सुरुवात करायचे, असं मला कार्यवाहांनी सांगितलं. मीही तशीच करतो.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग इथे ओस्कार मिंकोव्हस्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात असू शकतं, हे त्या दिवसापासून नक्की झालं. याचा अर्थ असा, की विज्ञानाने प्रयोगशाळेत घडवलेला तो मधुमेह आपल्याला घरोघर दिसणारा मधुमेह नव्हता. ग्रंथीच गेल्यामुळे होणारा, म्हणजे आजच्या विषयाचा मधुमेह तो होता.

पुढची गोष्ट याहून रंजक आहे. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री कॅनडातल्या लंडन नावाच्या गावात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण सर्जन विद्यार्थ्यांना शिकवायच्या धड्याची तयारी करत होता. झोपण्यापूर्वी त्याने एक लेख वाचला. मिनेसोटातल्या मोझेस बॅरन या विकृतिशास्त्रज्ञाचा तो लेख स्वादुपिंडातल्या खड्यांबद्दल होता. खड्याने नळी तुंबली की पाचक रस करणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्यामध्ये विखुरलेले, लँगरहान्सची बेटं नावाचे पेशींचे पुंजके तग धरतात, असं बॅरनला आढळलं होतं. बँटिंगच्या मनात आलं, की आपणच नळी बांधली, पाचक पेशी मरू दिल्या आणि उरलेल्या बेटांमधून साखर आवरणारा तो अज्ञात पदार्थ काढला तर? त्यातून पुढे टोरांटोत इन्शुलिन हाती आलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं. नळी बांधण्याची युक्ती पुढे गरजेची राहिली नाही, तो भाग वेगळा. पण इन्शुलिनचा शोध लागला तो स्वादुपिंडात खडे झालेल्या कुणा रुग्णाच्या शवविच्छेदनाचं वर्णन वाचून. आणि आज सगळ्यात उशिरा ओळखला जातो तो त्याच आजाराचा मधुमेह!

आता ती ग्रंथी पाहू. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पडलेली, जेमतेम शंभर ग्रॅमची. तिचा जवळजवळ सगळा भाग पाचक रस बनवतो. इन्शुलिन करणारी बेटं वजनाने शेकडा एक-दोनच. पाचक रसाचं काम घास पचवायचं, बेटांचं काम पचलेल्या अन्नातली साखर शरीरात लावून द्यायचं. दोन्ही खाती एकाच इमारतीत आहेत. दाह होतो तेव्हा पाचक रस आतल्या आत जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. असं वारंवार झालं की मऊ ऊतकाच्या जागी कठीण तंतू येतात, कुठे कॅल्शियमचे खडे धरतात. बेटं आधी तग धरतात, हे बॅरनने पाहिलंच होतं. पण तीही कायमची टिकत नाहीत.

आणि बेटं जातात तेव्हा एकटं इन्शुलिन जात नाही, ही या आजाराची खरी खोच. बेटांमध्ये ग्लुकागॉन करणाऱ्या पेशीही असतात. साखर उतरली की ग्लुकागॉन यकृताला हुकूम सोडतं आणि साठवलेली साखर रक्तात येते. टाइप २ च्या माणसात ही व्यवस्था बहुधा शाबूत असते. स्वादुपिंड गेलेल्या माणसात इन्शुलिन कमी म्हणून साखर चढते. तिला उतरवायला बाहेरून इन्शुलिन टोचलं आणि ते जरा जास्त झालं, किंवा जेवण लांबलं, तर साखर खाली जाते आणि तिला वर ओढणारं कुणी उरलेलं नसतं. सकाळी ३२०, दुपारी ५५, रात्री पुन्हा २८०. असं मीटर पाहून घरचे म्हणतात, हा चोरून खातो. बिचारा चोरून काही खात नसतो. उलट खाल्लेलंही त्याच्या अंगी लागत नसतं.

आपल्या देशात हा आजार नवा नाही. १९५९ मध्ये झुइडेमा या डॉक्टरने इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांमध्ये खड्यांनी भरलेली स्वादुपिंडं नोंदवली, आणि त्याच सुमारास केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस तसलेच रुग्ण गोळा करत होते. गरीब घरची, दारूला कधी न शिवलेली, काटकुळी पोरं. लहानपणापासून पोटात कळा, वयात येता येता मधुमेह, आणि ऐन उमेदीत मृत्यू. एक्स-रे काढला की कण्याच्या दोन्ही बाजूंना खड्यांची पांढरी माळ दिसे. गीवर्गीस यांचा या विषयावरचा ग्रंथ १९६८ साली छापला तो मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने. ज्यांची मराठी पुस्तकं आपल्या कपाटात आहेत, त्याच प्रकाशनाने. पुढे चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांनी आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांवर बारकाईने काम केलं. पुण्याच्या गटाने १९९० मध्ये अशा रुग्णांत पाचक रसाचं आणि इन्शुलिनचं, दोन्ही कामांचं मोजमाप एकत्र मांडलं. दोन्ही एकत्र पाहणं, हेच मला आज तुमच्यापुढे मांडायचंय.

हा आजार का होतो, यावर केरळमध्ये पहिला संशय गेला कंदावर. तिथे गरिबाच्या ताटात मरचिनी, म्हणजे टॅपिओका असे, आणि त्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. मी हे कुठेही सांगितलं की महाराष्ट्रात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे साबुदाण्याने होतो का? प्रश्न रास्त आहे, कारण आपला साबुदाणा त्याच कंदाच्या पिठाचा, बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा. उत्तर ‘नाही’ असं आहे. पिठी काढताना ती द्रव्यं बरीचशी धुऊन जातात. शिवाय जिथे हा कंद कुणी खात नाही तिथेही हा आजार सापडला, आणि खाणारे लाखो लोक ठणठणीत राहिले. कंदाचा संशय आता जवळपास मागे पडलाय. दोन हजारनंतर लक्ष गेलं जनुकांकडे. पाचक रसाला ग्रंथीच्या आत आवरून धरणारं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या स्पिंक-१ या जनुकातला एक बदल भारतीय रुग्णांत बराच आढळतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. पण तो बदल असूनही निरोगी राहिलेली माणसं आहेत. म्हणजे जनुक एकटं पुरेसं नाही.

नावांचा गोंधळही सांगितला पाहिजे, कारण हल्ली वर्तमानपत्रांत ‘टाइप ५’ अशा बातम्या येतात. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाच्या मधुमेहाचा एक वर्ग केला आणि खड्यांचा मधुमेह त्यात टाकला. १९९९ मध्ये तो वर्ग मोडला आणि खड्यांचा मधुमेह स्वादुपिंडाच्या आजारांमध्ये गेला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाच्या मधुमेहाला पुन्हा मान्यता दिली, तो टाइप ५. त्या रुग्णाच्या स्वादुपिंडात खडे नसतात. दोघेही बारीक म्हणून दोघांना एकाच पिशवीत घालू नये.

आता केरळमधून आपल्या वॉर्डात येऊ. आज जिल्ह्याच्या ठिकाणी तीव्र दाहाचा रुग्ण येतो तो बहुधा पित्ताशयातल्या खड्यामुळे किंवा दारूमुळे. काहींच्या रक्तात ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलेलं असतं. पोट धरून कळवळत येतो, काही दिवस सलाइनवर असतो, वाचतो, घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं: दारू बंद, तेलकट बंद, पंधरा दिवसांनी दाखवणे. साखरेबद्दल बहुधा एक ओळही नसते. तीव्र दाहातून उठलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पंधरा जणांना वर्षभरात नवा मधुमेह होतो आणि पाच वर्षांत हा धोका अडीच पटीहून जास्त होतो, असं २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात दिसलं. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आता सांगते, की दाहानंतर तीन ते सहा महिन्यांत साखर तपासा आणि पुढे दरवर्षी तपासत राहा. ही तपासणी काही रुपयांत होते. ती होत नाही, कारण पोटाचा डॉक्टर साखर पाहत नाही आणि साखरेचा डॉक्टर पोट विचारत नाही. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह झालेल्या शंभरातल्या जेमतेम तिघांच्या कागदावर बरोबर निदान होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांवर टाइप २ चा शिक्का. तिथे ही स्थिती, तर इथली कल्पना करा.

चुकीच्या शिक्क्याने काय होतं? समजा चाळिशीतला एक माणूस आहे. दाह होऊन गेलाय, दारू सोडलीय, साखर वाढलीय. त्याला सांगितलं, अर्धी भाकरी कमी करा, तूप सोडा. तो निष्ठेने सोडतो. वजन पासष्टवरून बावन्नवर येतं. घरचे म्हणतात, शुगरने खाल्लं याला. खरं कारण संडासात आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे नवरा बायकोलाही सांगत नाही. मळ पातळ, फिकट, ढिगाने होतो. त्याला उग्र वास येतो. तेलाचा तवंग दिसतो. भांड्याला चिकटतो, पाणी ओतलं तरी जात नाही. हे असं असेल तर चरबी न पचता बाहेर पडतेय. मळातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचंच एक पाचक द्रव्य, मोजायची तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते. तो आकडा २०० च्या खाली असेल तर पाचक रस कमी पडतोय असा संशय, १०० च्या खाली असेल तर चांगलाच कमी. माझं मत असं, की मधुमेहाचा रुग्ण बारीक असेल आणि त्याला पूर्वी पोटदुखीचे झटके आले असतील, तर त्याला मळाबद्दल विचारल्याशिवाय आहारतक्ता हातात देणं हा निष्काळजीपणा आहे.

यावर उपाय आहे. पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात, पॅनक्रिएटिनच्या. त्यांची ताकद लायपेजच्या, म्हणजे चरबी पचवणाऱ्या द्रव्याच्या युनिटमध्ये मोजतात. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण चाळीस-पन्नास हजार युनिट, नाश्त्याला त्याच्या निम्मी, अशी सुरुवात करतात आणि मग गरजेप्रमाणे वाढवतात. डोस तुमचा डॉक्टर ठरवेल, पण घ्यायची रीत घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी, कारण चुकते ती रीत. जेवणाआधी तासभर नाही, जेवून हात धुतल्यावर नाही. पहिल्या घासांबरोबर घ्यायची, आणि एकाहून जास्त असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्ये. अन्न आणि औषध पोटातून एकत्र पुढे सरकायला हवं. चावायची नाही. आणि चहाबरोबर शंकरपाळे खाल्ले तर तेही खाणंच. औषधाच्या दुकानात मिळणारी पचनाची गोड सिरपं या कामाची नाहीत. त्यांत लायपेज नसतं किंवा नावापुरतं असतं.

एक गोष्ट अनेक डॉक्टर सांगायचं टाळतात. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. रुग्णाला ते पुढे कधीतरी शेजाऱ्याकडून कळतं, आणि माळकरी माणूस असेल किंवा मुसलमान असेल तर तो गुपचूप गोळी बंद करतो. आधीच सांगावं. जीव वाचवणाऱ्या औषधाला सवलत आहे असं बहुतेक धर्मगुरू सांगतात. ज्याला विचारायचं असेल त्याला विचारू द्यावं. इन्शुलिनही एके काळी गाईगुरांच्या आणि डुकरांच्या ग्रंथीतूनच येत होतं. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्शुलिन आलं आणि तो प्रश्न मिटला. पाचक रसाच्या बाबतीत तो अजून मिटलेला नाही. किंमत हाही अडसर आहेच. महिन्याचा खर्च काहींच्या घरी किराण्याच्या बरोबरीने होतो, आणि मग माणूस कॅप्सूल फक्त ‘जड’ जेवणाला राखून ठेवतो.

कॅप्सूल सुरू केल्यावर एक गंमत होते. गंमत म्हणजे डॉक्टरच्या दृष्टीने, रुग्णाच्या दृष्टीने धक्का. काहींची साखर वाढते. वर्षानुवर्षं वाहून जाणारं अन्न आता अंगी लागतं, म्हणून वाढते. रुग्ण समजतो की गोळीनेच शुगर वाढवली आणि गोळी बंद करतो. खरं तर इन्शुलिन वाढवायचं असतं, गोळी चालू ठेवायची असते. पहिल्या काही आठवड्यांत मीटर जास्त वेळा वापरलं की हे नीट जमतं.

आणि तूप? वरणभातावरचं तूप खुशाल घ्या. या रुग्णांना सरसकट चरबीबंदी करायची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे, कारण तिने माणूस आणखी कुपोषित होतो. अपवाद ज्याचं ट्रायग्लिसराइड फार चढतं त्याचा. त्याला मात्र चरबी मोजूनच. एरवी थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, डाळ, दूध, अंडी, मासे धरून खायचं. चरबी पचत नाही तेव्हा तिच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात. ड गेलं की हाडं ठिसूळ होतात. साठ किलोचा गडी साध्या ठेचेने मनगट मोडून येतो, त्याच्या पोटाची विचारपूस करायला हवी.

आता सगळ्यात जास्त भीती कशाची धरायची? वाढलेल्या साखरेची नव्हे, उतरलेल्या साखरेची. डोळे, मूत्रपिंड, पाय यांच्यावरचे परिणाम इतर मधुमेहासारखे इथेही होतातच, त्यामुळे साखर मोकाट सोडायची असं मी म्हणत नाही. पण ग्लुकागॉन नसलेल्या माणसाची साखर खाली गेली तर ती लवकर वर येत नाही. सत्तरच्या खाली मीटर दाखवलं, घाम फुटला, हात थरथरले, माणूस विचित्र बोलू लागला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सुधारला की काहीतरी खायला द्या. बिस्किटाने सुरुवात करू नका, त्याला वेळ लागतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

दारू इथे दुसऱ्यांदा घात करते. पहिल्यांदा तिने ग्रंथी नासवली. आता ती यकृताला नवी साखर बनवू देत नाही. इन्शुलिन घेतलेला माणूस रात्री प्यायला, न जेवता झोपला, तर पहाटे त्याची साखर तळाला जाऊ शकते. घरचे म्हणतात, प्यायलाय, झोपू दे. उतरलेल्या साखरेतली बडबड आणि नशेतली बडबड कानाला सारखीच वाटते. म्हणून अशा घरात नियम एकच: शंका आली की आधी बोटाला सुई टोचून मीटर पाहायचं, भांडण मग. सिगारेट-विडीचंही तसंच. ती ग्रंथीचा नाश वेगाने पुढे नेते, आणि दारू सोडलेली पुष्कळ माणसं तंबाखूला मात्र औषधासारखी कवटाळून बसतात.

उपास हा आपल्या घराघरातला प्रश्न. निर्जळी एकादशी, कडक चतुर्थी, नवरात्रातले नऊ दिवस, तिकडे रोजे. इन्शुलिन टोचून उपाशी राहणं या रुग्णाला परवडत नाही. साबुदाण्याची खिचडी ही दुसऱ्या टोकाची अडचण. शुद्ध पिठी, साखर झपकन चढते, शेंगदाणे आणि तुपासाठी कॅप्सूलही लागते. ज्याला उपास सोडवत नाही त्याने महिनाभर आधी डॉक्टरशी बोलून डोस बदलून घ्यावेत. वारीला चालत जाणाऱ्याने खिशात ग्लुकोजची पुडी आणि गळ्यात आजाराचं कार्ड ठेवावं. दिंडीत शेजारी चालणाऱ्याला तरी सांगून ठेवावं, की मला चक्कर येऊ लागली तर विठ्ठलाचं नाव घेण्याआधी साखर दे.

औषधांबद्दल थोडक्यात. मेटफॉर्मिन काहींना चालतं, पण त्याने भूक आणि पोट बिघडलं तर बारीक माणसाला ते सोसत नाही. वजन उतरवणाऱ्या ज्या नव्या इंजेक्शनांचा आज गाजावाजा आहे, ती या रुग्णांत सहसा टाळतात: दाहाचा पूर्वेतिहास असतो आणि वजन आणखी उतरायला नको असतं. बऱ्याच जणांना शेवटी इन्शुलिनच लागतं, आणि लवकर सुरू केलं तर अंग भरतं. इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, ही समजूत या आजारात फार नुकसान करते.

दुखणं हा वेगळा अध्याय आहे. खड्याने नळी तुंबली असेल तर बाहेरून ध्वनिलहरींनी खडे फोडता येतात, दुर्बिणीने नळी मोकळी करता येते, शस्त्रक्रियाही आहेत. हैदराबादला याचा मोठा अनुभव आहे. दुखणं असह्य असेल तर काही देशांत अख्खं स्वादुपिंड काढून त्यातली बेटं वेगळी करतात आणि त्याच रुग्णाच्या यकृतात सोडतात. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाली. बॅरनचं तेच मिनेसोटा. खड्यांच्या गराड्यातही बेटं जगतात, हे त्याचं निरीक्षण सत्तावन्न वर्षांनी असं कामी आलं.

शेवटचा मुद्दा घरच्यांसाठी, कारण हे रुग्णाच्या आधी त्यांच्या लक्षात येतं. मीटरचे आकडे बरे आहेत, कॅप्सूल वेळेवर चालू आहेत, जेवणही बरं आहे, आणि तरी वजन उतरतंय. किंवा थांबलेली पोटदुखी पुन्हा सुरू झालीय, पाठीकडे जातेय. किंवा डोळे पिवळे दिसताहेत. जुन्या दाहाच्या स्वादुपिंडात कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तो नेमका असाच दबकत येतो. अशा वेळी ‘शुगरमुळे असेल’ म्हणून डोस बदलत बसू नका. स्कॅन करून घ्या, त्याच आठवड्यात.